उलटे करून पाहा, मग घ्या : मुलांचे कपडे, खेळणी आणि खोली

मुलांसाठी घेतलेली वस्तू देखणी असावी आणि ती टिकावीही, ही अपेक्षा नाशिकच्या वाचकांच्या अलीकडच्या बहुतेक पत्रांत दिसते. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. कॉलेज रोडच्या दुकानातून घेतलेले महागडे कपडे आणि मेन रोडवरून घेतलेले स्वस्त कपडे जवळजवळ सारखेच टिकतात, असा माझा अनुभव आहे. मग जास्त पैसे कशासाठी मोजायचे? शिवाय सासूबाई नेहमी ‘वाढत्या अंगाचे घे’ म्हणतात. पण त्यात मुलगा अगदी गबाळा दिसतो.
— एक आई, सिडको

उत्तर : आपला अनुभव खरा आहे, कारण किमतीत दुकानाचे भाडे आणि नाममुद्रेचा मान हे दोन्ही मिसळलेले असतात आणि शिवणीचा दर्जा त्या दोहोंपैकी कशावरूनच कळत नाही. तो कळण्यासाठी कपडा दुकानातच उलटा करावा. काखेतील शिवण दोन्ही हातांनी हलकी ताणावी. टाके उघडे पडून मधून उजेड दिसला, तर तो सदरा फार काळ तग धरणार नाही. शिवणीच्या आत किती कापड सोडले आहे, म्हणजे दाब किती आहे, तेही पाहावे, कारण दाबच नसेल तर कपडा पुढे मोठा करणे सोडाच, उसवल्यावर पुन्हा धड शिवताही येत नाही. खिशाच्या टोकांना आणि पँटच्या बैठकीला दुहेरी टीप आहे का, बटणामागे कापडाचा दुसरा थर आहे का, टी-शर्टचा गळा ताणून सोडल्यावर पूर्ववत होतो का, खांद्याच्या शिवणीत आतून पट्टी घातली आहे का, एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात. या कसोटीला उतरणारा कपडा मेन रोडवर मिळाला, तर कॉलेज रोडला जाण्याचे कारण नाही.

सासूबाईंचा सल्ला मला अर्धा मान्य आहे. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलाची उंची वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते, पण खांदे आणि छाती त्या मानाने सावकाश रुंदावतात. म्हणून वाढते अंग लांबीत धरावे. खांद्यात धरू नये. खांद्याची शिवण दंडावर उतरली की मूल गबाळे दिसते, मग कापड कितीही भारी असो. बाह्या आणि पाय थोडे लांब असले तर दुमडता येतात, आणि व्यवस्थित दुमडलेली बाही चांगलीही दिसते. पँट शिंप्याकडून शिवून घेत असाल, तर खाली दोन इंच कापड आत दुमडून ठेवायला सांगावे. तयार पँट घेताना नेफ्यात बटणे लावून घट्ट-सैल करता येणारे इलॅस्टिक असलेली निवडावी, म्हणजे तीच पँट दोन वर्षे सहज चालते. सुती विणीचा कपडा पहिल्या काही धुण्यांत शेकडा तीन ते पाच आटतो, त्यामुळे आज अगदी नेमका बसणारा टी-शर्ट महिन्याभरात तोकडा होणार हे गृहीत धरावे. लेबलावर लिहिलेल्या वयावर विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीचे ‘चार ते पाच वर्षे’ वेगळे असते. मुलाची उंची आणि छातीचे माप फोनमध्ये टिपून ठेवावे आणि त्यावरून निवड करावी.

नाशिकच्या थंडीसाठी एकच जाडजूड जॅकेट घेण्याची पद्धत मला खर्चीक वाटते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला शाळेच्या व्हॅनची वाट पाहणाऱ्या मुलाला हुडहुडी भरते आणि दुपारी बारा वाजता तेच मूल घामाघूम होते. त्यापेक्षा आत सुती बनियन, वर शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर आणि अगदी कडाक्याच्या दिवशी पातळ जाकीट, असे थर घातले तर प्रत्येक कपडा वर्षातील अधिक महिने उपयोगी पडतो. घरात कोणी विणणारे असेल, तर स्वेटर गळ्यापासून खाली विणायला सांगावे. पुढच्या वर्षी घेर आणि बाह्यांची टोके उसवून त्याच सुया-लोकरीने चार बोटे वाढवता येतात, आणि मुद्दाम वेगळ्या रंगाची लोकर जोडली तर ते नक्षीसारखे शोभते.

दोन गोष्टी मात्र देखणेपणासाठीही खपवून घेऊ नयेत. टोपीच्या किंवा गळ्याच्या लोंबत्या नाड्या काढून टाकाव्यात, कारण त्या घसरगुंडीत किंवा व्हॅनच्या दारात अडकून गळ्याला फास बसू शकतो. दुसरे म्हणजे दिवाळीत फटाक्यांजवळ जाताना नायलॉन, जॉर्जेट किंवा पॉलिएस्टरचा घोळदार पोशाख नसावा. असे कापड जळताना वितळून त्वचेला चिकटते. सणाचा झगमगीत पोशाख पूजेला आणि फोटोला घालावा, अंगणात उतरताना अंगाबरोबर बसणारे सुती कपडे चढवावेत.

प्रश्न : आम्ही गंगापूर रोड भागात नव्या फ्लॅटमध्ये राहायला जात आहोत. मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा नऊ महिन्यांचा आहे. मुलीला गाडीच्या आकाराचा पलंग हवा आहे. मुलांच्या खोलीचे फर्निचर ऑनलाइन तयार घ्यावे की सुताराकडून करून घ्यावे? पंचवटीतील आमचा जुना वाडा उतरवला तेव्हाचे सागवान नातेवाइकांकडे पडून आहे. ते वापरता येईल का?
— एक पालक, गंगापूर रोड

उत्तर : सागवानापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे आहे ते बाजारात सहजासहजी मिळत नाही. अनेक दशके घरात राहिलेले सागवान पूर्ण मुरलेले असते. ते वाकत नाही आणि त्याला वाळवीही सहसा लागत नाही. मात्र त्यावर जुन्या ऑइलपेंटचे थर असतील, तर विशेष काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे भरपूर असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरते. हा रंग सँडपेपरने कोरडा घासला की त्याची बारीक धूळ फरशीवर बसते, आणि रांगणारे मूल तीच बोटे तोंडात घालते. त्यामुळे रंग काढण्याचे काम नव्या फ्लॅटमध्ये मुळीच करू नये. ते सुताराच्या वखारीत, लाकूड ओले करून करून घ्यावे आणि घरी येईल ते स्वच्छ, रंधा मारलेले लाकूड असावे. रंध्यापूर्वी जुने खिळे काढून घेण्याची आठवण सुताराला करून द्यावी. एक खिळा राहिला तरी रंध्याचे पाते जाते आणि त्याचे पैसे आपल्याच बिलात लागतात.

या सागवानातून पलंगाचे पाय आणि चौकट करावी, फळ्यांसाठी प्लायवूड वापरावे. प्लायच्या प्रत्येक तक्त्यावर मानकाचा शिक्का असतो. पाण्याचा संबंध येणाऱ्या जागी आयएस 710 आणि कोरड्या जागी आयएस 303 चालते. तक्ते कापण्याआधी शिक्के स्वतः पाहावेत, कारण सनमायका चिकटला की आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त फर्निचरमध्ये बहुधा पार्टिकल बोर्ड असतो. म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेला तक्ता. तो सरसकट वाईट म्हणता येणार नाही. भिंतीवरच्या हलक्या कपाटाला पुरतो. पण फरशी पुसताना पोछ्याचे पाणी त्याच्या खालच्या कडेला रोज लागते आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती कड फुगून भाकरीसारखी टम्म होते. शिवाय एकदा काढलेला स्क्रू त्यात दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही, त्यामुळे घर बदलताना असे कपाट सोडवले की पुन्हा पूर्वीसारखे उभे राहत नाही. तयार वस्तू घ्यायचीच असेल, तर ती जमिनीपासून चार इंच उंच पायांवर उभी आणि नट-बोल्टने जोडलेली असावी.

गाडीचा पलंग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच वर्षांच्या मुलीला आज गाडी हवी, सातव्या वर्षी समुद्र हवा असेल आणि दहाव्या वर्षी त्या पलंगाची तिला मैत्रिणींसमोर लाज वाटेल. पलंग सुरुवातीपासूनच साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, साधा, कोपरे गोल केलेला करावा. हौस चादरीत, उशीच्या अभ्र्यात, पडद्यात आणि एखाद्या भिंतीच्या रंगात पुरवावी, कारण ती बदलायला काही हजार रुपये पुरतात. मुलगी फारच हट्टाला पेटली, तर पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर गाडीच्या आकाराची, स्क्रूने बसवलेली आणि पुढे काढता येणारी पाटी लावून द्यावी.

अभ्यासाच्या टेबलालाही हाच विचार लागू होतो. ठेंगणे ‘मुलांचे टेबल’ तीन वर्षांत निकामी होते. त्याऐवजी मोठ्यांच्या उंचीचे टेबल करून, खुर्चीवर जाड गादी आणि पायाखाली पाट किंवा छोटे स्टूल द्यावे. बसल्यावर कोपर टेबलाच्या पातळीला यावे आणि तळवे लोंबकळत राहू नयेत, म्हणजे झाले. वर्षागणिक गादी पातळ होत जाईल आणि पाट खाली जाईल, टेबल मात्र तेच राहील.

नऊ महिन्यांच्या मुलासाठी कॉट घेणार असाल, तर दोन दांड्यांमधील फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, गादी कडक आणि चारही बाजूंनी घट्ट बसणारी असावी आणि तळ खाली घेण्याची सोय असावी. मूल आधाराने उभे राहू लागले की पाळण्याचे आयुष्य संपले असे समजावे. कपाट आणि खणांची पेटी, वस्तू कितीही जड वाटली तरी, लोखंडी पट्टीने भिंतीला जखडावी. मुले खण उघडून त्यांच्या पायऱ्या करतात आणि भरलेले कपाट अंगावर येते.

प्रश्न : मुलांच्या जेवणासाठी चित्रांच्या मेलामाइन ताटल्या घ्याव्यात की स्टीलच्या? पितळी ताट-वाटीचा सेटही पाहिला, फार सुंदर आहे.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : रोजसाठी कड दुमडलेले जाड स्टील घ्यावे, ते पडले तरी फुटत नाही आणि पुढच्या भावंडालाही चालते. मेलामाइनमध्ये गार खाऊ द्यायला हरकत नाही, पण उकळती आमटी वाढू नये आणि ती ताटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. पितळी सेट भांडी बाजारातून हौसेने अवश्य घ्यावा, मात्र त्याला कल्हई असल्याशिवाय त्यात ताक, दही, कढी, चिंच घातलेली आमटी असे काहीही आंबट देऊ नये. कल्हई झिजून आतला पिवळा रंग दिसू लागला की पुन्हा करून घ्यावी.

प्रश्न : प्लॅस्टिकची खेळणी आठवड्याभरात मोडतात, म्हणून मी नातवासाठी फक्त लाकडी खेळणी आणतो. नातू दीड वर्षाचा आहे. सून म्हणते की लाकडी असले म्हणजे सुरक्षित असतेच असे नाही. तिचे बरोबर आहे का?
— एक आजोबा, पंचवटी

उत्तर : सूनबाईंचे बरोबर आहे, आणि आपलेही चुकीचे नाही. आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस 9873 आणि विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्यांसाठी आयएस 15644 हे मानक आहे. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का ते घरबसल्या तपासता येते. सूनबाईंकडून एकदा समजून घेतल्यास दुकानात उभ्या उभ्या तपासणे आपल्याला सहज जमेल.

नोंदणीकृत हस्तकलाकारांनी बनवून विकलेल्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या चिन्हातून सूट आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी या दुसऱ्या प्रकारातली. म्हणून त्यांवर चिन्ह नसले तरी ती बेकायदा ठरत नाहीत. पण तेथे पारख आपल्यालाच करावी लागते. पारंपरिक चन्नपट्टण खेळण्यात काळ्या कुड्याचे मऊ पांढरे लाकूड चरकावर, म्हणजे लाकूड कातण्याच्या यंत्रावर, फिरवतात आणि ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या जातीच्या पानाने तिला झिलई देतात. असा रंग लाकडाला धरून राहतो, त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कामही फार देखणे असते, पण तिथली रंगवलेली फळे आणि भाज्या दीड वर्षाच्या तोंडात जाण्यासाठी नाहीत. ती तीन-चार वर्षांनंतर भाजीवाला-भाजीवाला खेळायला द्यावीत. जत्रेत किंवा घाटावर मिळणाऱ्या, कोणी रंगवल्या ते ठाऊक नसलेल्या चमकदार लाकडी गाड्यांपासून या वयात दूरच राहावे. नखाने खरवडून रंग सुटला किंवा ओल्या पांढऱ्या फडक्यावर उतरला, तर ती गाडी परत ठेवावी. रंग न सुटणे म्हणजे त्यात शिसे नाही असे मात्र नव्हे, म्हणून बिनरंगी गुळगुळीत लाकूड या वयाला सर्वांत उत्तम.

त्यानंतर आकार पाहावा. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची तपासणी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीने करतात. त्या नळीत पूर्ण मावणारा तुकडा मुलाच्या घशात अडकू शकतो, असे मानले जाते. दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटरचे असते. तेव्हा त्या नाण्याहून थोड्याशाच मोठ्या भोकातून आत जाईल असे चाक, मणी, घुंगरू किंवा बाहुलीचा डोळा दीड वर्षाच्या हाती देऊ नये. चाके ओढून पाहावीत. नुसती गोंदाने चिकटवलेली आहेत की आरपार दांडी घालून बसवलेली आहेत, हे गाडी उलटी केली की लगेच कळते. दांडीचे चाक पुढे निघाले तरी घरी बसवता येते, म्हणून टिकाऊपणाच्या दृष्टीनेही तेच घ्यावे.

बॅटरीच्या खेळण्यांबद्दल थोडे कठोर बोलतो. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली, तर ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर जखम करू शकते. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नसेल, तर ते खेळणे कोणी भेट दिलेले असले तरी मुलापर्यंत जाऊ देऊ नये. छोट्या शक्तिशाली चुंबकांचे संचही टाळावेत. दोन चुंबके पोटात गेली तर ती आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात.

आपण विचारलेले नाही, तरी भांडी बाजारापर्यंत आपला फेरा होतच असेल म्हणून सुचवतो. नात किंवा नातू चार-पाच वर्षांचा झाला की पितळी भातुकली घ्यावी. चूल, बंब, परात, जाते, सगळे हुबेहूब आणि ठोकले तरी न मोडणारे. पितळेत थोडे शिसे मिसळलेले असू शकते, म्हणून वस्तू तोंडात घालण्याचे वय सरल्यावरच ती द्यावी आणि तीत खोटा खोटा स्वयंपाकच होऊ द्यावा. ही भांडी चिंचेने घासण्याचे काम मुले खेळापेक्षाही आवडीने करतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची येवल्याची पैठणी माझ्याकडे आहे. तिच्यातून सहा वर्षांच्या लेकीला परकर-पोलके शिवावे असे मनात आहे. वर्षभरात ते तोकडे होईल आणि पैठणीही जाईल, ही धास्ती वाटते.
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : आधी पैठणी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहाव्यात. रेशीम घडीवर चिरले नसेल आणि साडी आजही नेसता येत असेल, तर तिला कात्री लावू नये. मुलीसाठी वेगळे कापड घ्यावे आणि ही साडी तिच्याच नावाने ठेवावी. घड्या विरल्या असतील, तर मात्र ती कपाटात ठेवून आणखी विरण्यापेक्षा अंगावर आलेली बरी. पदराची उलटी बाजूही बघावी. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदरावरची आणि काठातली नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागे मोकळे धागे लोंबत असतील, तर साडी यंत्रावरची आहे असे समजून निर्धास्तपणे कापावी.

परकर वर्षभरात तोकडा होण्याचे कारण म्हणजे शिंपी कापड मुलीच्या आजच्या उंचीला कापतो. तसे करू देऊ नये. साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो आणि सहा वर्षांच्या मुलीच्या परकराला 24 इंचांच्या आसपास लांबी पुरते. पन्हा मुळीच न कापता खालचा काठ परकराच्या घेराला ठेवावा आणि वरचे कापड कमरेपाशी आत दुमडून अस्तरासारखे खाली सोडावे. मुलगी वाढेल तशी ही कमरेची दुमड वर सरकवत न्यायची. आत दडलेला दुसरा काठ सुरक्षित राहतो आणि हाच परकर पुढे अनेक वर्षे पुरतो. घेरासाठी अडीच मीटर कापड साडीच्या आतल्या, खोचायच्या टोकाकडून घ्यावे, म्हणजे पदर आणि त्यालगतचे कापड अखंड राहून पुढे ओढणीला उपयोगी पडेल. विरलेल्या घड्या नेमक्या याच भागात असतील, तर त्यांच्यामागे पातळ मलमल टाचून घ्यावी.

पोलके सैल शिवून दोन्ही कुशींना दीड-दीड इंच दाब ठेवावा, आणि जरी टोचू नये म्हणून सुती अस्तर अवश्य लावावे. शिंप्याला बारीक सुई आणि रेशमी दोरा वापरायला सांगावे. जाड सुईने पाडलेली छिद्रे उसवल्यावर बुजत नाहीत आणि दुमड सरकवली की जुन्या टिपेची रेघ दिसत राहते. म्हणून कमरेची दुमड यंत्राने न शिवता हाताने टाचलेली बरी. घरी हा पोशाख मलमलीत गुंडाळून ठेवावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत आणि चार-सहा महिन्यांनी घडी बदलावी. अत्तर किंवा स्प्रे मारायचा असेल तर पोशाख घालण्यापूर्वी. उरलेले तुकडे, विशेषतः काठाचे, शिंप्याकडून मागून घ्यायला विसरू नये. दोन वर्षांनी पोलक्याची बाही वाढवताना तेच लागतील.